महायुद्धाचे वऱ्हाडी पंचांग

अकोल्याहून दक्षिणेस निघालेली सडक पातूर मागे टाकून डोंगरात शिरली, की वऱ्हाडची एक फार जुनी हद्द ओलांडली जाते. उत्तरेस पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या, खोल जमिनीचा पायनघाट. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर पसरलेला बाळाघाट. आणि या दोहोंच्या सांध्यावर, रानाच्या कडेने, आजच्या वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशी हे गाव. बाळाघाटावरचा माल अकोल्याच्या बाजाराला आणि तेथील आगगाडीला भिडायचा तो याच सडकेने. त्यामुळे गावाने शेती केली ती आपल्या शिवारात, पण त्या शेतीचे भाग्य मात्र घाट उतरून गेलेल्या बंड्या परत येताना काय निरोप आणतात, यावर पिढ्यान् पिढ्या अवलंबून राहिले.

या शिवारात विसाव्या शतकातील दोन महायुद्धांपैकी एकाचाही तोफगोळा पडला नाही. युद्धाचा इतिहास लिहिणारे पंडित ज्या घटनांना निर्णायक वळणे म्हणतात, ती मार्न, व्हर्दन, मिडवे, एल् अलामेन, स्टालिनग्राड ही नावे कास्तकाराच्या कानावर पडली असली तर ती चावडीवर कुणी वर्तमानपत्र वाचून दाखविले तेव्हाच. एवढ्यावरून हे गाव युद्धापासून दूर राहिले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो चुकीचा आहे. कापूस पिकविणारे गाव जगाच्या व्यवहारापासून दूर असूच शकत नाही, कारण धान्य पिकविणारा आपला माल घरी खाऊ शकतो, पण कापूस खाता येत नाही; तो विकावाच लागतो, आणि विकत घेणारा बहुधा समुद्रापलीकडे असतो. म्हणून महायुद्धाची वळणे मेडशीसारख्या गावांनाही जाणवली, आणि तीव्रतेने जाणवली. मात्र त्यांच्या तिथी निराळ्या होत्या. रणांगणावरील वळण आणि शिवारातील वळण एकाच दिवशी आल्याचे उदाहरण विरळाच. गावाचे वळण कधी रणांगणाच्या कित्येक महिने आधी आले, कधी वर्षाने मागून आले, आणि कधी आलेच नाही. हे वऱ्हाडी पंचांग इतिहासाच्या रूढ पंचांगाशेजारी ठेवून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी प्रथम हा प्रांत जगाच्या बाजाराशी बांधला कसा गेला, हे पाहिले पाहिजे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले, ते मुख्यतः कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी. परंतु हाती आलेल्या मुलखाच्या काळ्या मातीचे मोल इंग्रजांना उमगले ते आठ वर्षांनी, जेव्हा अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडू लागल्या. १८६१ ते १८६५ या काळात हिंदी कापसाचे भाव आकाशाला भिडले. १८६७ पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोचली, आणि गावोगावची पऱ्हाटी मुंबईच्या गोदीशी जोडली गेली. अमरावतीच्या नावावरून या प्रांताच्या कापसाला मुंबईच्या बाजारात ‘उमरा’ हे व्यापारी नाव पडले, आणि ज्या कास्तकाराने मुंबई कधी पाहिली नाही, त्याच्या मालाला लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखू लागले.

बाजार वाढला तशी बाजारातील लबाडीही वाढली. माप, कडता, दलाली आणि धर्मादायाच्या नावाखाली होणारी कपात यांना आळा घालण्यासाठी १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये कारंजा येथे नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला. हिंदुस्थानातील हा पहिला नियंत्रित बाजार आज वाशीम जिल्ह्यातच मोडतो, ही गोष्ट जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी आहे. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदाच झाला. बाजारसमित्या नेमल्या गेल्या, अडत्ये आणि मापारी यांना परवाने लागू झाले. तराजूच्या दांडीवर सरकारचा अंकुश आला खरा. परंतु त्या तराजूत पडणाऱ्या मालाचा अंतिम गिऱ्हाईक कोण, आणि तो उद्या राहील की नाही, यावर अंकुश ठेवणारा कायदा कोणत्याच दप्तरात नव्हता.

आणि गिऱ्हाईक बदलत होता. वऱ्हाडात पूर्वी होणाऱ्या लांब, मऊ धाग्याच्या ‘बनी’ कापसाची जागा आखूड धाग्याच्या, पण भरघोस उत्पन्नाच्या आणि अधिक रुई देणाऱ्या जातींनी घेतली. हा जाडाभरडा कापूस लँकेशायरच्या बारीक सुताला नकोसा होता. तो हवा होता युरोप खंडातील गिरण्यांना, विशेषतः जर्मनी, बेल्जियम, इटली आणि ऑस्ट्रियाला, आणि त्याहूनही अधिक जपानला. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या साहाय्याने निप्पॉन यूसेन काइशा या जपानी कंपनीच्या आगबोटी मुंबई आणि कोबे यांच्या दरम्यान धावू लागल्या, त्या मुख्यतः कापसाच्या गाठींसाठीच. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर हिंदी कापसाचा सर्वांत मोठा परदेशी खरेदीदार जपान होता, आणि त्याच्या खालोखाल जर्मनी. मेडशी तेव्हा अकोला जिल्ह्यात होती, कारण १९०५ साली जुना वाशीम जिल्हा मोडण्यात आला होता; आणि वऱ्हाडचा प्रांत १९०२ च्या करारान्वये निजामाला सालिना पंचवीस लाख रुपये देऊन कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आलेला होता. म्हणजे जमीन नावाने निजामाची, अंमल इंग्रजांचा, आणि पिकाचा भाव ओसाका व ब्रेमेनच्या हाती. अशा तिहेरी परस्वाधीनतेत हा कास्तकार उभा होता.

१९१४ च्या ४ ऑगस्टला इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा वऱ्हाडात आश्लेषाचा पाऊस होता आणि पऱ्हाटी पात्याफुलांवर येऊ लागली होती. पुढल्या चार महिन्यांत जो कापूस वेचला जाणार, त्याच्या एका मोठ्या हिश्श्याचा खरेदीदार एका रात्रीत शत्रू ठरला. जर्मनीचे आणि ऑस्ट्रियाचे दरवाजे बंद झाले, बेल्जियम तर तुडविलेच गेले. त्यात ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बंगालच्या उपसागरात व्यापारी जहाजे बुडवून आणि २२ सप्टेंबरला मद्रासवर तोफा डागून सागरी विम्याचे दर चढविले. मार्नच्या काठी जर्मन फौज सप्टेंबरात अडली आणि पॅरिस वाचले, हे इतिहासाच्या दृष्टीने त्या वर्षाचे वळण. परंतु बाळाघाटावरील वळण म्हणजे दिवाळीच्या सुमारास घाट उतरलेल्या बंड्यांना मिळालेला पडेल भाव. शेतसाऱ्याचा हप्ता मात्र भाव पाहून ठरत नसे. सावकाराच्या वहीत त्या वर्षी जी बाकी चढली, ती जर्मनीशी लढताना चढली, याची दाद कोणत्याही कचेरीत लागणार नव्हती.

या युद्धाचे दुसरे वळण आले ते चांदीच्या रूपाने. सैन्याचा आणि रसदीचा खर्च हिंदुस्थानात रुपयांनी भागवावा लागे, त्यासाठी टांकसाळीला चांदी अपुरी पडू लागली, आणि ३० नोव्हेंबर १९१७ ही तारीख घालून सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. पाठोपाठ १९१८ च्या आरंभी अडीच रुपयांचीही नोट आली. ज्या समाजात रुपया हे नाणेच नव्हे तर वजनही होते, कारण एक रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, तेथे कागदाच्या तुकड्याला रुपया म्हणणे ही लोकांना थट्टाच वाटली असेल. १९१८ च्या वसंतात अमेरिकेने कायदा करून आपल्या साठ्यातील चांदी हिंदुस्थानसाठी मोकळी केली, तेव्हा कुठे नोटेमागची पत सावरली. वऱ्हाडच्या बाजारातील विश्वास वॉशिंग्टनच्या तिजोरीतून भरून काढावा लागला, ही घटना त्या युद्धाच्या कोणत्याही लढाईहून कमी अर्थपूर्ण नाही.

तिसरे वळण सर्वांत भयंकर, आणि त्याला तोफेचा आवाजही नव्हता. १९१८ चा पावसाळा फसला. कापडाचे भाव आधीच इतके चढले होते, की त्याच वर्षी सरकारला कापडनियंत्रणाचा कायदा करावा लागला. आणि त्या अर्धपोटी, अर्धवस्त्र समाजावर पावसाळ्याअखेरीस मुंबईच्या बंदरातून आणि लष्करी तळांतून पसरत आलेला इन्फ्लुएंझा कोसळला. मराठी लोकांनी त्याला ‘मानमोडी’ म्हटले. हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे दगावली असे अंदाज आहेत, आणि मध्यप्रांत व वऱ्हाड हा त्या आपत्तीत सर्वाधिक पोळलेल्या प्रांतांपैकी एक होता. ११ नोव्हेंबरला युरोपात शस्त्रसंधी होऊन तोफा थांबल्या, तेव्हा इकडे वेचणीचे दिवस होते आणि कित्येक शेतांत वेचायला माणूस नव्हते. जगाने ज्या महिन्यात युद्धाची समाप्ती साजरी केली, त्याच महिन्याच्या आसपास गावांनी त्या युद्धातले आपले मृत मोजले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावी स्थापन झालेल्या आणि मध्यप्रांत-वऱ्हाडपर्यंत क्षेत्र असलेल्या होमरूल लीगचे धुरीण लोकमान्य टिळक जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेतून उठून गेले, ते स्वराज्याचा शब्द काढताच त्यांना अडविण्यात आले म्हणून. साम्राज्याला हिंदुस्थानची माणसे, माल आणि पैसा हवा होता, त्यांची गाऱ्हाणी नको होती, हे त्या एका प्रसंगाने उघड झाले.

दोन युद्धांच्या मधल्या काळात, मंदीने कापसाचा भाव निम्म्याखाली आला असताना, येऊ घातलेल्या संकटाची एक रंगीत तालीमही होऊन गेली. १९३३ साली हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावरील जकात वाढविली, आणि त्याला उत्तर म्हणून जपानच्या सूतगिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. सहा-सात महिने हा बहिष्कार चालला. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली, तिचा मथितार्थ असा, की जपानने पंधरा लाख गाठी कापूस उचलावा आणि त्याच्या मोबदल्यात चाळीस कोटी वार कापड हिंदुस्थानात आणावे. गाठ आणि वार यांचा हा हिशेब ज्यांनी नीट वाचला, त्यांना एक गोष्ट कळून चुकायला हवी होती: आखूड धाग्याच्या कापसाला जपानवाचून मोठा आधार नाही, आणि जपान जर खरोखरच शत्रू झाला, तर पुढे काय होईल याचे उत्तर कोणाजवळच तयार नाही. परंतु मृग बरसला, की कास्तकार पेरतो; तो तहनामे वाचून पेरत नाही.

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदी जनतेला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, आणि नोव्हेंबरात मध्यप्रांत-वऱ्हाडातील रविशंकर शुक्ल यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. बाजाराने मात्र हे युद्ध आरंभी हसतमुखाने स्वीकारले. पहिल्या युद्धाच्या अखेरीस झालेल्या तेजीची आठवण ताजी होती, सट्टेवाल्यांनी भाव चढविले, आणि त्या वर्षीचा माल बऱ्या भावात गेला. ही तेजी वर्षही टिकली नाही. २२ जून १९४० रोजी फ्रान्स जर्मनीपुढे शरण गेला, त्या सुमारास आर्द्रा नक्षत्र लागत होते आणि सरकी नुकतीच मातीत पडली होती. इटलीही त्याच महिन्यात शत्रुपक्षात गेली. युरोप खंडातील उरलेसुरले गिऱ्हाईक अशा रीतीने पेरणीच्या पंधरवड्यातच नाहीसे झाले, आणि पहिल्या युद्धातील १९१४ साल वऱ्हाडात दुसऱ्यांदा उगवले.

फ्रान्सच्या पतनाबरोबर दुसरीही गोष्ट घडली. लोकांनी पोस्टातील ठेवी काढल्या, चांदीचे रुपये पुरून ठेवू लागले, आणि बाजारातून नाणे अदृश्य होऊ लागले. सरकारने जुलै १९४० मध्ये एक रुपयाची नोट पुन्हा बाहेर काढली, आणि रुपयातील चांदी बारा भागांत अकरा होती ती निम्म्यावर आणली. पुढच्या वर्षी ३१ मार्चनंतर राणीछाप रुपया व्यवहारातून बाद ठरला, आणि १९४२ च्या मे अखेरीस एडवर्डच्या मुद्रेचा रुपयाही. खेड्यातील स्त्रीच्या दृष्टीने या हुकुमाचा अर्थ काय, हे अर्थशास्त्राच्या ग्रंथांत सापडायचे नाही. तिच्या मायेने लग्नात दिलेली रुपयांची माळ, उतरंडीच्या तळाशी ठेवलेले चार राणीछाप, ही तिची स्वतःची अशी एकमेव मालमत्ता. ती मोडून कागद घ्यायचा की कायद्याबाहेर ठेवून चांदी जपायची, हा निर्णय तिला पॅरिस पडल्यामुळे घ्यावा लागला. चांदी जपणाऱ्या शहाण्या निघाल्या, हे पुढच्या चार वर्षांनी दाखवून दिले.

आणि मग आले ते वळण, ज्याला मी या पंचांगातील मध्यवर्ती तिथी मानतो. इतिहासाचे विद्यार्थी जपानच्या युद्धाची तारीख ७ डिसेंबर १९४१ सांगतात. पर्ल हार्बरवर त्या दिवशी बॉम्ब पडले. वऱ्हाडात ते युद्ध साडेचार महिने आधीच सुरू झाले होते. जपानी फौजांनी दक्षिण इंडोचायनाचा ताबा घेताच जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेने, आणि तिच्यापाठोपाठ ब्रिटनने व हिंदुस्थान सरकारने, आपापल्या देशांतील जपानी मालमत्ता आणि व्यवहार गोठविले. एकही गोळी सुटली नाही. बँकांच्या खातेवह्यांवर एक ओळ ओढली गेली, आणि मुंबईहून कोबेला जाणारी कापसाची वाट, जी १८९३ पासून वाहत होती, ती बंद झाली. पुष्य नक्षत्र चालू होते. पेरण्या आटोपून डवरणी सुरू होती, आणि आता मोडून दुसरे पीक घ्यावे म्हटले तर हंगाम निघून गेलेला. ज्या कापसाला गिऱ्हाईक नव्हता, तो कापूस शेतात वीतभर उभा होता, आणि त्याला खतपाणी, निंदण-खुरपण केल्यावाचून सुटका नव्हती. डिसेंबरात जेव्हा प्रशांत महासागरातील आरमारे बुडू लागली, तेव्हा वेचणी ऐन भरात होती. मेडशीच्या वाटेवरील बंड्यांना त्या बातमीने काही नवे सांगितले नाही.

सरकारच्याही हे ध्यानात आले होते. जानेवारी १९४२ मध्ये परदेशांतून येणाऱ्या लांब धाग्याच्या कापसावर पौंडामागे एक आणा जादा जकात बसविण्यात आली, आणि तिच्या उत्पन्नातून आखूड धाग्याच्या उत्पादकांना साहाय्य देण्यासाठी निधी उभारण्यात आला. एप्रिलात ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली. कापसाची जमीन ज्वारीखाली आणावी, असा उपदेश सुरू झाला. हा उपदेश कृषिखात्याच्या पत्रकांपेक्षा भावानेच अधिक परिणामकारक रीतीने केला होता. गेल्या हंगामाचा कापूस ज्याने पडेल भावात विकला, त्याला ज्वारीचे माहात्म्य सांगण्यासाठी मोहीम नको होती. ज्या प्रांताला ऐंशी वर्षे कापूस लावा म्हणून शिकविले गेले, त्याला आता तो उपटा असे सांगितले जात होते.

त्याच वसंतात पूर्वेकडील युद्धाने दुसरी एक दोरी कापली. १५ फेब्रुवारीस सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून. माघार घेणाऱ्या इंग्रजांनी रंगूनजवळचे सिरियमचे तेलशुद्धीचे कारखाने आणि नंतर येनानजाँगच्या तेलविहिरी स्वतःच्या हाताने उद्ध्वस्त केल्या, म्हणजे त्या शत्रूला लाभू नयेत. त्या सुरुंगांचा धूर बाळाघाटावर दिसला नाही. परंतु हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांतील चिमण्यांत जळणारे मातीचे तेल बव्हंशी ब्रह्मदेशचे होते, आणि ते आता मिळेनासे झाले. ज्या घरांनी पिढीपूर्वी करडीच्या-तिळाच्या तेलाचा दिवा सोडून काचेची चिमणी आणली होती, त्यांना संध्याकाळ पुन्हा लवकर होऊ लागली. ब्रह्मदेशचा तांदूळही थांबला. वाशीम-मालेगावकडील माणूस ज्वारी खाणारा, त्याला तांदळाचे काय, असे कुणी म्हणेल. पण तांदूळ खाणाऱ्या मुलखांना तांदूळ मिळेना, तेव्हा त्यांची मागणी ज्वारी-गव्हावर वळली, प्रांताप्रांतांनी आपल्या हद्दींवर धान्य अडविले, आणि रंगूनचा दुष्काळ ज्वारीच्या भावातून या पठारावर चढून आला.

१९४२ चा ऑगस्ट महिना सर्वांना ठाऊक आहे. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी आदी वऱ्हाडचे पुढारी गजांआड गेले. १६ ऑगस्टला नागपूर-वर्ध्याकडे चिमूर आणि आष्टी येथे लोकक्षोभाने रौद्र रूप घेतले, आणि सरकारने तितक्याच रौद्र रीतीने तो दडपला. त्या क्षोभामागे स्वातंत्र्याची आकांक्षा होती यात शंकाच नाही. परंतु आधीच्या दोन हंगामांत बुडालेला भाव, विझलेल्या चिमण्या आणि बाद झालेली नाणी यांनी ती जमीन किती तापवून ठेवली होती, हेही इतिहासकाराने नजरेआड करू नये.

सैनिकांविषयी थोडेसे. मराठा पलटणींनी १९४१ च्या आरंभी इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत आणि पुढे इटलीत जे शौर्य गाजविले, ते सर्वश्रुत आहे. जुलै १९४४ मधील पराक्रमाबद्दल यशवंत घाडगे यांना मरणोत्तर, आणि एप्रिल १९४५ मधील सेनिओ नदीकाठच्या शौर्याबद्दल नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु सातारा-रत्नागिरीप्रमाणे वऱ्हाड हा भरतीचा पिढीजात मुलूख नव्हता. वऱ्हाडी समाजाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण घटना म्हणजे महार रेजिमेंटची स्थापना. पहिल्या युद्धात उभारलेली महारांची पलटण शांतता होताच मोडून टाकण्यात आली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी या अन्यायाविरुद्ध लावून धरलेल्या मागणीनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पहिली तुकडी उभी राहिली आणि दुसरी नागपूरजवळ कामठीला. गावकुसाबाहेरच्या माणसाला गणवेश, बंदूक आणि नियमित पगार देणारे हे वळण युद्धाच्या कोणत्याही नकाशावर नाही. तरी त्याचे परिणाम युद्धानंतरही ओसरले नाहीत.

स्टालिनग्राड येथे फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सेना शरण गेली आणि जगाचे पारडे फिरले. वऱ्हाडातील पारडेही त्याच वर्षी फिरले, पण निराळ्याच कारणाने आणि निराळ्याच दिशेने. ब्रिटिश सरकार हिंदुस्थानातील आपल्या युद्धखर्चाची भरपाई लंडनमध्ये पौंडांत करी, आणि त्या पौंडांच्या तारणावर रिझर्व्ह बँक इकडे रुपये छापी. युद्धाच्या आरंभी सुमारे १८० कोटींच्या चलनी नोटा देशात फिरत होत्या; युद्ध संपताना तो आकडा अकराशे कोटींच्या पलीकडे गेला. माल तेवढाच, किंबहुना कमी, कागद सहापट. १९४१ साली ज्या कापसाला कुणी विचारीत नव्हते, त्याच कापसाचे भाव १९४३ च्या उन्हाळ्यात असे भडकले, की सरकारला वायद्याचे व्यवहार बंद करावे लागले आणि जूनमध्ये कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. आखूड धाग्याच्या जाड्याभरड्या कापसाला अखेर घरच्याच गिरण्यांत काम मिळाले. त्यातूनच सरकारी ‘स्टँडर्ड क्लॉथ’ विणले जाऊ लागले, आणि ओसाकाला जाणारा कापूस गरिबाच्या अंगावर धोतर-लुगडे होऊन परतला.

हा महापूर सर्वांना सारखाच लागला नाही. ज्याच्याजवळ जमीन होती आणि विकायला माल होता, त्याने फुगलेल्या रुपयांनी मंदीच्या वर्षांतले सावकाराचे देणे हलके केले. ज्या सालदाराची मजुरी धान्यात ठरलेली होती, तो कसाबसा तगला. ज्याची मजुरी रोख पैशांत होती, त्या वेचणाऱ्या बाईला मात्र आठवडी बाजारात प्रत्येक खेपेला पदरात कमी दाणे घेऊन परतावे लागले. त्यातच तांब्याचा तुटवडा इतका वाढला, की १९४३ पासून मध्यभागी भोक असलेला पैसा निघाला. सुटे नाणे मिळेना आणि मिळाले तर त्यातलेही काळीज काढून घेतलेले. मुंबईत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ ही आगबोट व्हिक्टोरिया गोदीत स्फोटाने उडाली; तिच्यात स्फोटक द्रव्यांच्या शेजारी कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या, आणि आगीची पहिली धुगधुगी त्या गाठींतूनच निघाली. दारूगोळा आणि कापूस एका तळघरात ठेवले की काय होते, हे त्या दिवशी मुंबईने पाहिले. वऱ्हाड ते पाच वर्षे पाहतच होते.

याच सुमारास कोहिमा आणि इंफाळच्या रणांगणांवर जपानी सैन्याची हिंदुस्थानातील चढाई मोडून निघाली. इतिहासाच्या पंचांगात ही फार मोठी तिथी; वऱ्हाडच्या पंचांगात त्या दिवशी काहीच लिहिलेले नाही. भाव उतरला नाही, तेल आले नाही, रुपयातली चांदी परतली नाही. विजयाची बातमी घाट चढून वर आली असेल, विजय आला नाही.

आता प्रश्न उरतो, तो हे युद्ध या गावांत संपले कधी? १९४५ चा ऑगस्ट हे उत्तर येथे लागू पडत नाही. युद्धकाळातील नियंत्रणे भारतसंरक्षणाच्या नियमांखाली होती. ते नियम सप्टेंबर १९४६ अखेर संपुष्टात आले, तेव्हा त्यांची जागा आवश्यक पुरवठ्याच्या ‘तात्पुरत्या अधिकारां’च्या कायद्याने घेतली. महात्मा गांधींच्या आग्रहावरून डिसेंबर १९४७ मध्ये धान्यावरील निर्बंध उठले, भाव पुन्हा उसळले, आणि पुढच्या वर्षाच्या उत्तरार्धात ते पुन्हा लादले गेले. अखेर १९५५ साली आवश्यक वस्तूंचा कायदा झाला, आणि नावातला ‘तात्पुरता’ हा शब्द गळाला. राजे गेले, राणीछाप गेला, भोकाचा पैसाही गेला. निजामाचा पट्टा इतिहासजमा झाला. वाशीम १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला, आणि मेडशीच्या आसपासच्या शिवारांत पऱ्हाटीची पुष्कळशी जागा सोयाबीनने घेतली.

तरी एक गोष्ट राहिली. पुण्या-मुंबईकडील माणूस ज्याला रेशनचे दुकान म्हणतो, त्याला विदर्भातला माणूस आजही ‘कंट्रोल’ म्हणतो. कंट्रोलचे गहू आले का, कंट्रोल आज उघडे आहे का, असे तो विचारतो, आणि पिशवी घेऊन निघतो. तो शब्द रंगून पडले त्या वर्षीच्या आसपास या सडकेने वर आला, आणि परत जाण्याची वाट त्याला अजून सापडलेली नाही.